काकांचा वारो

जगातलं कुठलंही काम पाळी लावून दिली की होतंच, यावर आमच्या शेजारच्या काकांइतका विश्वास असलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. अर्थात मी फार माणसं पाहिलेली नाहीत. पण घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच, त्यामुळे जे पाहतो ते नीट लक्षात ठेवतो. काका मूळचे धुळ्याकडचे, गुजरातेलगतच्या मसाट गावातल्या एका कारखान्यात पॅकिंगचे सुपरवायझर. इतकी वर्षं गुजराती कामगारांत काढल्यामुळे त्यांच्या खानदेशी बोलण्यात गुजराती शब्द घरच्यासारखे वावरत. त्यातला लाडका ‘वारो’, म्हणजे पाळी. नळावर कोणाचा वारो, कॅरमवर कोणाचा, हे तेच ठरवत. काकू रुसल्या की काका शांतपणे अंगणात बसून म्हणत, “मागल्या टायमाला मी बोललो होतो. आता वारो तिचा आहे.”

दर हिवाळ्यात ते आमच्या किलवणी गावातल्या पोरांना साल्हेर किल्ल्यावर नेत. ती सहल कमी आणि मालाची रवानगी जास्त असे. दर थांब्यावर हजेरी, प्रत्येक पिशवीला पॅकिंगची पट्टी, आणि वर खोक्यावरचं स्टिकर : ‘ही बाजू वर’, शेजारी बाण.

“वाट चुकलास तर बाण बघायचा,” ते म्हणत.

“काका, तो माझ्या पाठीवर आहे. मला कसा दिसेल?”

“तुझा मागच्यासाठी आहे भो. तू पुढच्याचा बघ.”

माझ्या पिशवीवर मात्र बाणाऐवजी काचेच्या पेल्याचं चित्र असे. नाजूक माल. पहिल्या वर्षी आम्ही नुकतेच चोपड्याहून आलो होतो आणि मला गुजरातीचा गंध नव्हता. अर्ध्या चढावर वारा नुसता घोंगावत होता. सगळ्यांच्या डाळ-तांदळाचं गाठोडं पाळीपाळीने वाहायचं होतं. काका माझ्याजवळ येऊन म्हणाले, “चल भो, तुझा वारो आला.” मी म्हणालो, “हो काका, फारच आहे,” आणि मफलर कानाला घट्ट गुंडाळला. सगळे खाली बसून हसले. गाठोडं अर्थातच मला उचलावं लागलं.

साल्हेरच्या गुहांपासून माथ्यावरच्या देवळापर्यंत शेवटचा उभा चढ आहे. तिथे माझे पाय लटपटायचे. पहिली दोन वर्षं मी गुहेतच बसलो. काका बाकीच्यांना वर पाठवून माझ्याजवळ शेंगदाणे सोलत बसत. “बसलेल्याजवळ बसायचा वारो माझा,” एवढंच म्हणत. मला वाटायचं, त्यांनी देऊळ शंभरदा पाहिलं असेल.

तिसऱ्या वर्षी निघताना काकूंनी माझ्या हातात भाकऱ्यांचं फडकं दिलं आणि हळूच म्हणाल्या, “तुझ्या काकांनी वरचं देऊळ अजून पाहिलेलं नाही रे. दरवर्षी कोणीतरी बसतंच. आता ते रिटायर होणार, आम्ही गावी जाणार. त्यांचा गुडघा हा असा.”

गुहेशी पोचलो. काकांनी सवयीने बैठक मारून शेंगदाण्याची पुडी सोडली. मी उभाच राहिलो.

“बस ना भो.”

“नको काका. आज वारो तुमचा आहे.”

“कशाचा?”

“वर जायचा.”

त्यांनी पुडीकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे. ते लटपटतच होते. त्यांनी पुडी पुन्हा बांधली.

तो चढ आम्ही जवळजवळ रांगत चढलो. दहा पावलांवर त्यांच्या गुडघ्यासाठी थांबायचं, पुढच्या दहावर माझ्या भीतीसाठी, वारोप्रमाणे. माथ्यावर पाऊल ठेवलं आणि वाऱ्याने काकांची कानटोपी उचलली ती थेट डांगच्या दरीत. “गेली गुजरातेत,” कोणीतरी म्हणालं. “जाऊ दे, तिचा वारो,” काका म्हणाले. मग ते देवळाच्या पायरीला हात लावून बसले, ते बराच वेळ. त्या दिवशी पहिल्यांदाच ते हजेरी घ्यायची विसरले.

आता ते गावी असतात. एका रविवारी मी फोन करायचा, एका रविवारी त्यांनी, असं ठरलंय. पण माझ्या रविवारीही सकाळी सकाळी त्यांचाच फोन येतो. पलीकडे शेतातला वारा ऐकू येतो.

“काका, आज वारो माझा होता.”

“हो रे भो. पण त्या दिवशी वरची हजेरी राहिली ना. आहेस का?”

“हजर,” मी म्हणतो. दर वेळी.