शून्यांची ओळ

राजारामपुरीत एका क्लासच्या वरच्या मजल्यावर आमचं पाहणीचं ऑफिस होतं. पदवीनंतरची माझी पहिली नोकरी. तक्त्यात आडव्या ओळींत वस्त्या, उभ्या रकान्यांत पाणी कुठून आणता त्याची उत्तरं: नळ, विहीर, हातपंप, दुसऱ्याचं दार. ओळीच्या बेरजेला रकान्याच्या बेरजेनं गुणून एकूण घरांनी भागलं, की त्या चौकटीत साधारण किती घरं पडावीत ते कळतं. खरा आकडा त्यापासून फार लांब गेला, की मी लाल पेन्सिलीनं गोल करायचो.

बाकीचे फुगलेले आकडे शोधायचे. मला एके दिवशी शून्यं खुपली. एक अख्खी वस्ती नळाच्या रकान्यात, पुढं सगळी शून्यं. ती वस्ती माझीच होती. आमच्या बौद्धवाड्यात नळ आलाच नव्हता, आणि नवी नळयोजना कुणाला द्यायची ते याच तक्त्यावरून ठरणार होतं.

ही माहिती गोळा करणारा शेजारच्याच टेबलावर बसायचा. त्याला विचारलं, "वस्तीत गेलतास?"

"न्हाय मर्दा. तालमीच्या कट्ट्यावर बसून लिवून घेतलं. समदी म्हणाली, गावात नळ हाय की."

"आमच्या दारात यायला काय झालतं?"

"कट्ट्यावर च्या मिळतो. तुझ्या दारात पत्रकं!"

पत्रकं खरीच. वडील चळवळीची पत्रकं घरी घडी घालायला आणायचे, त्यांवरच मी वाचायला शिकलो. अन्याय दिसला की बोला, असं प्रत्येकात असायचं. मी तक्ता घेऊन साहेबांकडे गेलो.

"वस्ती कुठली?"

"माझीच."

"मग तू बोलूच नकोस. वरचे म्हणतील, पोरानं आपल्या लोकांसाठी आकडे फिरवले."

"दुसऱ्या कुणाला तरी पाठवा."

"मुदत संपली, बाबा."

"आई अजून दुसऱ्याच्या दारातनं पाणी आणते, साहेब."

"ते तुला माहीत. तक्त्याला नाही." त्यांनी माझ्या लाल गोलांवर बोट ठेवलं. "पकडलंस मात्र बरोबर. ओळ विसंगत आहे." आणि माझ्याच पेन्सिलीनं त्यांनी ती अख्खी खोडली.

गप्प बसलो असतो तर कागदावर आम्हाला नळ होता. बोललो, तर वस्तीच उरली नाही.

"बेरजा नव्यानं मार," ते म्हणाले, "आणि खाली सही कर."

"नाही करणार."

ते चिडलेसुद्धा नाहीत. तक्ता त्यांनी शेजारच्या टेबलावर सरकवला, आणि तालमीच्या कट्ट्यावर बसून आलेल्यानं खिशातलं पेन काढलं.