गार पाण्याची पातेली

इथे आखातात, अल मनखूलमध्ये आमची खानावळ आहे. जेवायला येणारी माणसं बहुतेक कोकणातली, साइटवर राबणारी. मागच्या ऑगस्टमध्ये पालिकेचे इन्स्पेक्टर आमचं मागचं अंगण बघून गेले. एक्झॉस्टखाली फरशीवर तेलाचा काळा थर बसला होता. गुरुवारी पुन्हा येतो, असंच दिसलं तर शटर बंद, असं सांगून गेले.

घासून काही तो थर निघेना, म्हणून जोरात पाणी मारणारं प्रेशर मशीन घ्यायचं ठरलं. दुकानात दोन प्रकार होते. एक साधं, दुसरं डिझेलवर पाणी तापवून मारणारं. तेलासाठी तापवणारंच न्या, असं दुकानदार परोपरीने सांगत होता. पण आमच्या ह्यांच्यापुढे कुणाचं काय चालतंय!

"अगं, ऑगस्टमध्ये इथे टाकीचं पाणीच हात भाजतं. आयतं गरम पाणी असताना बर्नर कशाला? यल्ला, चल, साधं उचलू."

मलाही पटलं. इथे उन्हाळा काढलेल्या कुणालाही पटलं असतं.

साधं मशीन सुरू झालं. धार जोरात होती, पण तेल नुसतं इकडचं तिकडे पसरलं. थोड्या वेळाने पंपाखालून पाणी गळायला लागलं आणि मशीन बसलंच. मी दुकानदाराला फोन लावला.

"भाभी, टंकी का गरम पानी सीधा दिया क्या? पंप का रबर गया. पंप को ठंडा पानी चाहिए. गरमवाले मशीन को भी. वो पानी पंप के बाद गरम करता है."

म्हणजे तेच पाणी तेलाला कमी गरम आणि पंपाला जास्त गरम! मी ह्यांना नाही नाही ते बोलले. बुधवार उजाडला होता. तापवणारं मशीन भाड्याने आणलं, पण ऑगस्टमध्ये गार पाणी आणायचं कुठून?

घरी आम्ही उन्हाळ्यात गीझर बंद ठेवतो. तो घरात एसीच्या गारव्यात असतो, म्हणून गरम पाण्याच्या नळाला त्यातलं गार पाणी येतं. इथे सगळेच तसं करतात. मग हेच मोठ्या प्रमाणावर करायचं ठरवलं. खानावळीतली होती नव्हती ती पातेली, टोप, पिंपं भरून जेवणाच्या हॉलमध्ये ठेवली आणि एसी रात्रभर चालू ठेवला. पाणी आधी आम्ही गार करायचं, मग मशीनने ते तापवायचं. हसावं की रडावं तेच कळेना.

गुरुवारी सकाळी ह्यांनी गमबूट चढवले. आधी साबण टाकून जरा मुरू दिला. मग वाफाळती धार भिंतीकडून मोरीकडे मारत आणली, तीही बेतानेच, नाहीतर फरशीच्या फटींतलं सिमेंट उडालं असतं. थर सायीसारखा सुटून आला. खालची फरशी चक्क पिवळी निघाली.

इन्स्पेक्टर आले, वाकले, टिश्यूने फरशी पुसून बघितली. "ओके, खलास," म्हणजे झालं काम, असं म्हणाले आणि सही करून गेले. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. रडता रडताच आमटी फोडणीला टाकली.

शटर कसं वाचलं ते ऐकत दुपारी सगळे वेळेवर जेवले. शेवटी मी पानावर बसले, तेव्हा कळलं, आमटीत मीठ दोनदा पडलं होतं. एरवी पोळीचा काठ कडक लागला तरी वाद घालणारी ही माणसं. त्या दिवशी एकानेही चकार शब्द काढला नव्हता, आणि आमटी सगळ्यांनी मागून घेतली होती.