खात्यात जमा

"बक्कल नंबर अमुक अमुक तुमचे कोण लागतात?" फोनवरच्या माणसानं आधी नंबर सांगितला. मला वाटलं, कोणाची तरी गाडी चुकीच्या जागी उभी आहे. मी म्हटलं, "बाप्पा, आमच्याकडं गाडीच नाही." मग त्यानं कागद चाळल्यासारखा आवाज केला आणि म्हणाला, "सुधाकर... सहायक फौजदार. एक्सपायर झाले." भावजयीचा फोन लागत नव्हता म्हणून मला केला होता. माझा मोठा भाऊ मेला, हे मला असं कळलं. भर मे महिन्यात, कोणा पुढाऱ्याच्या ताफ्यासाठी तो चौकात सकाळपासून उभा होता. ताफा येईना. ताफा आला, गेला, आणि भाऊ दुभाजकावर बसला तो उठलाच नाही. दवाखान्यात न्यायला उशीर झाला, कारण रस्ता बंद होता. रस्ता पोलिसांनीच बंद केला होता.

मी एसटीत कंडक्टर होते, आता उमरखेडला घरीच असते. पेपरच्या पुरवणीवाल्यांनी सांगितलं, भावाबद्दल चार चांगले शब्द लिहा. भावाबद्दल लिहिते. खात्याबद्दल चांगले शब्द माझ्याकडं नाहीत, ते दुसऱ्या कोणाकडून लिहून घ्यावेत. इतकी वर्षं त्या खात्याला मी जवळून पाहिलं. सगळ्यात वर दिल्लीची परीक्षा पास झालेले मोठे साहेब. ते येतात, वऱ्हाडी कळायला लागेपर्यंत बदलून जातात. मध्ये ठाण्याचे साहेब. त्यांचा निम्मा जीव चांगलं ठाणं मिळवण्यात जातो आणि निम्मा ते टिकवण्यात. आणि खाली माझा भाऊ. शिपाई, मग नाईक, मग जमादार, केस पांढरे झाले तेव्हा सहायक फौजदार. हुकूम वरून खाली येतो आणि चूक खालून वर जात नाही, ती खालीच राहते. एवढीच त्या खात्याची रचना आहे, बाकी सगळ्या टोप्या आणि फिती.

भाऊ काही शूर नव्हता, उगीच कशाला सांगू. बौद्धवाड्यातून खात्यात गेलेला पहिला पोरगा म्हणून आमच्या बाबांना कोण कौतुक, आणि हा साहेबांच्या घरी गॅसची टाकी पोचवायचा, त्यांच्या पोरांना शाळेत सोडायचा. जेवताना साहेबाचा फोन आला की खरकट्या हातानं उभा राहायचा. मी म्हणायची, "भाऊ, तो काय तुले फोनातून दिसून राह्यला काय? बस न खाली." तो फोन ठेवून म्हणायचा, "पाय आपोआप उठते व बाई. मी काय करू." मी हसायची. भावजय नाही हसायची. भाजीवाल्याकडून फुकट कोथिंबीर घेतली म्हणून मी एकदा त्याला भर बाजारात बोलले होते. त्यानं ती मुकाट परत ठेवली. असा होता.

तर असा हा माणूस एका दिवशी बिघडला. तेव्हा तो ज्या ठाण्यात होता त्याचं नाव मी लिहीत नाही, हद्दीत पैनगंगा आहे एवढं पुरे. नदीच्या घाटावरून चोरून वाळू नेणारे टिप्पर चालायचे. शांताबाई म्हणून एक बाई, तिचा तरणा मुलगा टिप्परसमोर आडवा उभा राहिला, कारण त्यांच्या वावराचा काठ रोज ढासळत होता. टिप्पर त्याच्या अंगावरून गेला. शांताबाई बांधावरून पाहत होती. ती ठाण्यात आली आणि म्हणाली, "मुद्दाम घातला. मागं घेतला, आणि मग घातला." टिप्परचा मालक कोणाचा माणूस होता हे सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं. ठाण्याची रीतही ठाऊक होती. बाईला पाणी द्यायचं, बसवायचं, अर्ज लिहून घ्यायचा, अपघाती मृत्यू म्हणून नोंद करायची आणि घरी पाठवायचं. खुनाचा गुन्हा दाखल झाला की ठाण्याचा आकडा वाढतो, आणि आकडा वाढला की मीटिंगमध्ये साहेबाचं तोंड पडतं. गुन्हा कमी करायचा तर तो लिहायचाच नाही, हा शोध आपल्याकडच्या हुशार लोकांनी लावला आहे. त्या दिवशी ठाण्याचे साहेब नेमके त्याच मीटिंगला गेले होते, गुन्हे कमी झाल्याचं सांगायला. ठाणे अंमलदाराच्या खुर्चीत भाऊ होता.

त्यानं बाई बोलली तसंच लिहिलं. मागं घेतला, आणि मग घातला. खुनाचा गुन्हा. गुन्ह्याला एकदा नंबर पडला की तो पुसता येत नाही. साहेबाचा फोन आला तेव्हा हा उभाच होता म्हणे, पण "जी सर" म्हणाला नाही. मी नंतर विचारलं, "काहून केलं रे असं? तुझा स्वभाव नाही हा." तो म्हणाला, "ते बाई रडून नव्हती राह्यली. मी लिहितो का नाही तेच पाहून राह्यली होती. मले लाज वाटली."

आठवड्याच्या आत त्याला मुख्यालयाला जमा केलं. हा शब्द त्यांचाच आहे. चोरीची सायकल जमा करतात, बेवारस बकरी जमा करतात, तसा नावडता पोलीसही जमा करतात. ठाणं नाही, काम नाही, बाकावर बसायचं. पुढाऱ्याची सभा असली, मिरवणूक असली की उन्हात उभं करायला ही जमा माणसं बरी पडतात. भाऊ दोन उन्हाळे तसा उभा राहिला. तिसऱ्यात मेला. त्याला सलामी दिली, बंदुका उडवल्या. एक साहेब माझ्याजवळ येऊन म्हणाले, खात्याचं मोठं नुकसान झालं. मी म्हटलं, "खात्याचं काय गेलं साहेब? बाक रिकामा झाला." ते पुढं सरकले.

खटल्यात भावाची साक्ष लागली होती. तारीख यायच्या आत तो गेला. मग कोर्टानं विचारलं, ही फिर्याद नोंदवणाऱ्याची सही कोण ओळखेल? ज्यांनी वर्षानुवर्षं त्याच्या शेजारी खुर्ची टाकून त्याच्या डब्यातली भाकर खाल्ली, अशा तिघांना सरकारी वकील बाईंनी विचारलं. एकाला सही आठवेना. दुसरा म्हणाला, आपण कधी नीट पाहिलीच नाही. तिसरा आजारी पडला. हे लोक म्हणे चोर ओळखतात. सही उभी राहिली नाही तर फिर्याद लंगडी होणार, आणि टिप्परवाला बाहेर चहा पीत तेवढ्यासाठीच थांबला होता. मी वकील बाईंना म्हटलं, "मले उभं करा. भाऊ माझा होता."

बचावाचे वकील कोट सावरत उठले. "बाई, तुम्ही काय हस्ताक्षर तज्ज्ञ आहात? अशी सही कोणीही करेल."

मी न्यायाधीशांकडं पाहिलं. "साहेब, कागद पालटा न जरा. मागून बोट फिरवा. भाऊ पेन दाबून लिहायचा. शाळेत त्याचं एक अक्षर खालच्या पानांवर उमटायचं, म्हणून मास्तर त्याले बाहेर उभं करायचे. माझ्या वह्यांवर त्यानंच नावं टाकली, सगळी फाटली."

न्यायाधीशांनी कागद पालटला, बोट फिरवलं. मग तो माझ्याकडं पाठवला, खात्री करा म्हणून. सहीशेजारी शांताबाईचा अंगठा होता, तो सपाट. सही मात्र मागून उठून आली होती, नाव, आडनाव, खालची रेघसुद्धा. शांताबाई मागच्या बाकावर बसली होती. ती आताही रडत नव्हती, माझ्याकडं पाहत होती. मी म्हटलं, "ही माझ्या भावाचीच सही आहे." न्यायाधीश म्हणाले, लिहून घ्या. मी बोट तिथंच ठेवून उभी होते... शेवटी कोर्टाच्या शिपायानं कागद मागून घेतला.