भिंतीकडची तिसरी कबर

मी जन्मले तेव्हा जेमतेम सव्वा किलोची होते. मुलुंडच्या कॉन्व्हेंटचा दवाखाना सांभाळणारी सिस्टर दोन महिने रोज चालत नाहूरला आमच्या खोलीवर यायची, मला कापसात गुंडाळायची, चमच्याने दूध पाजायची आणि रडणाऱ्या आईला दटावायची. आम्ही तिला नुसतं सिस्टर म्हणायचो. तिचं नाव कधी विचारलंच नाही, याची आज लाज वाटते.

ती वारली तेव्हा आई दफनाला गेली होती. आमच्यात माणसाची राख समुद्रात जाते. सिस्टर मात्र जागेवरच राहणार, हे आईला फार आवडलं. तेव्हापासून दर नोव्हेंबरात, ख्रिस्ती लोक आपल्या माणसांच्या कबरी सजवतात त्या दिवशी, ती मला ओढत कॉन्व्हेंटच्या दफनभूमीत नेते. भिंतीकडची तिसरी कबर, वर नुसता साधा क्रूस. शेवंती वाहते, मेणबत्ती लावते आणि मालवणीत घरादाराची गाऱ्हाणी सांगत बसते. माझं लग्न मोडलं, तेही नातेवाइकांच्या आधी तिथेच सांगून मोकळी झाली. मी जाम चिडले होते.

गेल्या वर्षी तिथे फुलं लावणारी एक तरुण सिस्टर मला म्हणाली, "ह्या सिस्टर शाळेत शिवण शिकवायच्या ना?"

"छे, दवाखान्यातल्या," मी म्हणाले.

"त्यांच्या अस्थी केव्हाच भिंतीतल्या कोनाड्यात ठेवल्यात. जागा पुरत नाही, म्हणून काही वर्षांनी कबर उघडतात. ह्या कबरीतल्या नंतरच्या."

ब्याऐंशी वर्षांच्या आईला कसं सांगायचं की इतकी वर्षं ती भलत्याच बाईशी बोलत होती? मी तिला घाईने उठवायला गेले, पण तिने सगळं ऐकलं होतं. तिचा चेहरा पार उतरला. ती कोनाड्यापाशी गेली, त्यावर बसवलेल्या फरशीवरून हात फिरवत बराच वेळ उभी राहिली. मला तिच्याकडे बघवेना.

मग डोळे पुसून तिने त्या तरुण सिस्टरला विचारलं, "आणि त्या शिवणवालीचां कोण येता गो?"

"कोणी नाही, आजी. त्यांचं घर केरळात, लांब."

आई गुडघे धरत परत त्याच कबरीपाशी बसली.

"बाये, माका म्हायत नव्हतां. तरी तू माझां सगळां ऐकलंस," ती म्हणाली, आणि माझा हात ओढून तिने मला शेजारी बसवलं. "ह्यां माझां चेडू. थांब, पयल्यापासून सांगतंय."