समाधानाची बेरीज

सबनीसबाई प्रिंटआउट हातात घेऊन माझ्या केबिनच्या दारात उभ्या राहिल्या, हा प्रसंग मी आजवर कुणाला सांगितलेला नाही. विषयवाटपाच्या मॉडेलबद्दल मी परिषदांमधून बोललो, त्यावर पेपर लिहिला, विभागाच्या स्मरणिकेत तर ‘पारदर्शक आणि सर्वानुमते स्वीकारलेली पद्धत’ असं स्वतःच्या हाताने लिहून दिलं. पण दर वेळी बाई दारात यायच्या आत मी गोष्ट संपवली. आता वय झालंय. स्मरणिकेतली ती ओळ खोटी आहे, हे कुणीतरी सांगायला हवं, आणि ते माझ्याशिवाय कुणाला सांगता येणार नाही.

मी पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात ऑपरेशन्स रिसर्च शिकवत असे. विषयाचं नाव ऐकून लोक मला डॉक्टर समजतात आणि गुडघा पुढे करतात. आमच्या शास्त्रात कापाकापी नाही. हाताशी आहे तेवढ्यात जास्तीत जास्त चांगलं काय जमेल, ते गणिताने शोधायचं, इतकंच. त्यातला एक अगदी पहिल्या इयत्तेतला प्रश्न म्हणजे असाइनमेंट प्रॉब्लेम. जितकी माणसं तितकीच कामं; कुणाला कुठलं काम दिलं तर एकूण फायदा सर्वांत मोठा होईल?

हाच प्रश्न आमच्या विभागात दर वर्षी जूनमध्ये उभा राहायचा. कोण कुठला विषय शिकवणार? विभागप्रमुख परचुरेसर ते चहाच्या बिलामागे लिहून ठरवत. मग पंधरा दिवस कुणी कुणाशी बोलत नसे.

त्यात दिवस बदलले होते. हिंजवडीला शेतांत काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. मेकॅनिकलची मुलं लेथ मशीनकडे पाठ करून बसायची आणि सॉफ्टवेअरच्या कंपन्या कॅम्पसवर आल्या की टाय बांधून रांगेत उभी राहायची. त्या कंपन्या मुलाखतीत सिम्युलेशन विचारत. सिम्युलेशन म्हणजे खरी रांग बघायला न जाता कॉम्प्युटरवर खोटी रांग लावून बघणं. त्यामुळे विभागातल्या प्रत्येकाला अचानक सिम्युलेशन शिकवायचं होतं. इंडस्ट्रियल सेफ्टी, म्हणजे कारखान्यातली सुरक्षितता, कुणालाच शिकवायची नव्हती. तो तास शनिवारी दुपारी असे आणि त्याला वर्गात मुलांपेक्षा पंखे जास्त असत.

आता सिम्युलेशन हा मुळात सबनीसबाईंचा विषय. नव्या अभ्यासक्रमात नाव बदललं, इतकंच. आधी तो क्यूइंग थिअरी होता, रांगांचं शास्त्र. बाई तो कित्येक वर्षं शिकवत होत्या आणि त्यासाठी मुलांना स्टॉपवॉच देऊन बँकेत, पोस्टात उभं करत. एकदा मार्केट यार्डाच्या गेटवर ट्रक मोजायला घेऊन गेल्या. ड्रायव्हरांना वाटलं आरटीओची माणसं आली. बघता बघता रांग पसार झाली. बाई मुलांना शांतपणे म्हणाल्या, “निरीक्षण सुरू केलं की रांग बदलते. लिहून घ्या.”

बाईंच्या निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती. हा विषय शिकवत निवृत्त व्हायचं, यापलीकडे त्यांना कॉलेजकडून काही नको होतं. हे साऱ्या विभागाला ठाऊक होतं. मलाही.

मी परचुरेसरांना म्हणालो, “भांडणं कशाला? गणिताने करू. प्रत्येकाने प्रत्येक विषयाला दहापैकी मार्क द्यायचे. तो विषय मिळाला तर आपण किती समाधानी असू, ते. ज्या वाटपात सगळ्यांच्या समाधानाची बेरीज सर्वांत मोठी, ते वाटप कॉम्प्युटर शोधून देईल.”

“म्हणजे शिव्या कॉम्प्युटरला खाव्या लागतील?”

“हो.”

“मग करा.”

मार्क द्यायच्या आठवड्यात वानखेडे माझ्याकडे आला. अमरावतीचा तरुण लेक्चरर, हुशार, बोलका.

“सर, एक सांगा ना. सिम्युलेशनले दहा देतो. बाकीच्याले किती देऊ?”

“शून्य.”

“सगळ्याले?”

“बाकीचं तुला अजिबात चालणार नाही असं दिसलं, की मॉडेल तुला दुसरीकडे टाकायला कचरतं. बेरीज कमी होते ना.”

“असं आहे काय! मग सोपंच आहे ना बाप्पा.”

हे मी त्याला सांगायला नको होतं. पण विद्यार्थ्याने शंका विचारली की उत्तर द्यायची सवय असते, अशी मी स्वतःची समजूत घातली. नंतर आणखी दोघांना हीच शंका आली. त्यांचंही निरसन केलं.

दुसऱ्या दिवशी जिन्यात बाई भेटल्या.

“लिमयेसर, विषयाला शून्य कसं हो द्यायचं? विषयाने माझं काय वाकडं केलंय?”

“नसेल द्यायचं तर नका देऊ.”

“मग मी सगळ्यांना दहा देते. शिकवायचंच आहे तर मनापासून शिकवू. चालेल ना?”

इथे मी बोलायला हवं होतं. सगळ्यांना सारखे मार्क देणारा माणूस मॉडेलला फार आवडतो. त्याला काहीही द्या, बेरजेत दहा मिळतातच. मग मॉडेल आधी बाकीच्यांचे हट्ट पुरवतं आणि जे कुणाला नको ते या माणसाच्या पानात वाढतं. असाइनमेंट प्रॉब्लेम शिकवणाऱ्या माणसाला हे झोपेतही कळतं. मला तर जिन्यात, पूर्ण जागेपणी कळलं होतं. पण बाईंचे दहा काही झालं तरी पक्के होते, बेरीज देखणी येणार होती, आणि मला त्या बेरजेवर पेपर लिहायचा होता.

“चालेल की,” मी म्हणालो.

सोमवारी डॉट मॅट्रिक्स प्रिंटर करकरला. सिम्युलेशन वानखेडेला. इंडस्ट्रियल सेफ्टी सबनीसबाईंना. बेरीज नव्वद टक्क्यांच्या वर. परचुरेसर कागद डोळ्यांजवळ नेऊन म्हणाले, “लिमये, आपला विभाग इतका सुखी आहे हे मला माहीतच नव्हतं.”

आणि बाई माझ्या दारात आल्या.

“हे बरोबर आहे का?”

“गणिताने आलंय, बाई.”

“क्यूइंग मला नाही?”

“तुम्ही सगळ्यांनाच दहा दिलेत. त्यामुळे मॉडेलच्या दृष्टीने तुम्ही सेफ्टी शिकवतानाही तितक्याच समाधानी.”

बाईंनी कागदाकडे पाहिलं. “मी समाधानी आहे हे मला कळायच्या आत कॉम्प्युटरला कळलं. बरं झालं. घरी सांगते.” आणि गेल्या.

बाईंनी सेफ्टी खरोखर मनापासून शिकवली. कारखाना लांब कशाला शोधायचा म्हणून मुलांकडून कॉलेजचीच तपासणी करून घेतली. वाळूच्या लाल बादल्यांत सिगारेटची थोटकं सापडली. प्रिन्सिपॉलच्या केबिनमधलं वायरिंग बघून मुलांनी त्यांना खुर्ची बदलायचा सल्ला दिला. माझ्या केबिनचं दार जर्नल्सच्या गठ्ठ्यांमुळे अर्धंच उघडत असे. त्यावर एक दिवस लाल कागद चिकटलेला दिसला: ‘धोका. आग लागल्यास येथील प्राध्यापक बाहेर पडू शकणार नाहीत.’ हा अभ्यासक्रमाचा भाग होता की बाईंचा अभिप्राय, ते मला आजही ठरवता आलेलं नाही. शनिवारी दुपारी वर्ग भरू लागला, एवढं मात्र खरं.

वानखेडेने जेमतेम अर्धं सत्र शिकवलं. गणपतीनंतर तो पेढे घेऊन आला.

“सर, हिंजवडीले लागलो. इंटरव्ह्यूत सिम्युलेशनच विचारलं त्यांनी.”

“अरे, पण वर्गाचं काय?”

“तुमचं मॉडेल आहे ना, सर.”

सत्राच्या मध्यात विषय मोकळा झाला. परचुरेसरांनी मला बोलावलं.

“हा बाईंना देऊन टाकू. सेफ्टी कुणीतरी रेटेल.”

माझा पेपर तोवर तपासणीला गेला होता. त्यात मी ठासून लिहिलं होतं की या पद्धतीत कुणाच्या मर्जीला जागा नाही.

“हाताने बदललं तर मॉडेलला काय अर्थ राहिला, सर?”

“मग चालवा परत.”

मी मॉडेल परत चालवलं. त्याने प्रामाणिकपणे सांगितलं की सबनीसबाईंना हलवून समाधानात काडीची भर पडत नाही. त्यांचे दहा आहेत तिथेही दहाच. उलट सिम्युलेशनला दहा आणि हातातल्या विषयाला पाच मार्क देणारा एक प्राध्यापक होता. त्याला ते दिलं तर बेरीज पाचने वाढत होती.

तो प्राध्यापक मी होतो.

परचुरेसरांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. “कॉम्प्युटरने सांगितलं?”

“हो.”

“बरं बाबा.”

माझा आधीचा विषय कुणीतरी रेटला. सिम्युलेशन मी शिकवलं. बरं शिकवलं. पुढच्या वर्षीही मीच शिकवलं. पेपर छापून आला. कुठल्या विषयाला किती मार्क द्यायचे हे तोवर सगळ्यांना समजलं होतं, त्यामुळे प्रत्येकाने एकाला दहा आणि बाकीच्यांना शून्य देऊन बेरीज पार लोळवली. फक्त बाई दर वर्षी सगळीकडे दहा लिहीत राहिल्या. परचुरेसर म्हणत, विभागात जे काही समाधान शिल्लक आहे ते बाईंमुळे आहे. लोक हसत. बाईही हसत. सेफ्टी शिकवतच त्या निवृत्त झाल्या.

इतक्या वर्षांच्या अध्यापनातून मी वाचकांना एकच गोष्ट सांगू शकतो. मॉडेलने एकदाही चूक केली नाही. त्याला जे विचारलं त्याचं उत्तर त्याने बरोबर दिलं. काय विचारायचं ते मी ठरवत होतो.

मीही निवृत्त झाल्यावर एकदा मुद्दाम कर्वेनगरला बाईंच्या घरी गेलो. काय बोलायचं ते रिक्षात घोकलं होतं.

“या, सर. चहा घेणार की कॉफी?”

“काहीही चालेल.”

“असं म्हणू नये,” बाई आत जाता जाता म्हणाल्या. “उरलेलं मिळतं.”

कॉफी मिळाली. मी कॉफी पीत नाही. ती घोट घोट संपवेपर्यंत त्या सोसायटीच्या पाण्याच्या टँकरबद्दल बोलत होत्या, जुन्या मुलांच्या फोनबद्दल बोलत होत्या, आणि मी मान हलवत होतो. चपला घालताना कसाबसा धीर केला.

“बाई, ते विषयवाटपाचं…”

“हं?”

त्या दाराला हात लावून थांबल्या. घाई नव्हती त्यांना.

“नाही, म्हणजे, त्यावर अजून लोक पत्रं पाठवतात,” मी म्हणालो.

“छान झालं की,” बाई म्हणाल्या.

त्यानंतर दोन पावसाळे गेले आणि बाई गेल्या. रिक्षात घोकलेलं वाक्य फार मोठं नव्हतं. बाई, त्या दिवशी जिन्यात मला ठाऊक होतं.