एकट्या बटाट्याला चार हरभरे

आमी दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे बटाट्याला हरभरे टोचणं. हसायचं तर हसा.

नात अकरावीला, सायन्स. दुसऱ्या दिवशी केजला कॉलेजात परीक्षा, अन् तिच्या ध्यानात सूत्रं ऱ्हाईनात. सी एन, एच टू एन प्लस टू, असं सकाळपासनं बडबडत होती. माझी बायको कधी शाळेत गेली न्हाई. म्हनली, "मला सांग बाई, हाय तरी काय ते?"

"आज्जी, कार्बनला चार हात, हायड्रोजनला एक. कुनाचाच हात मोकळा ऱ्हायला न्हाई पायजे."

"एवढंच व्हय!" म्हणून बायकोनं काड्यांसाठी चांगला खराटा सोडला, बटाटे आणले, उसळीसाठी भिजवलेले हरभरे घेतले. बटाटा कार्बन, हरभरा हायड्रोजन, काडी म्हणजे हात. टोचायला मी. तीन बटाटे ओळीनं जोडले, त्याला हरभरे लागले आठ.

"बघ, दरेकाला दोन," बायको म्हनली, "अन् कडंच्या दोघांना एकेक जास्ती. तेच तुझं प्लस टू."

मग दोन बटाट्यांच्या मधी दोन काड्या घातल्या, तर दोन हरभरे कमी झाले. ते नातीच्या पुस्तकातलं दुसरं घराणं, नुसतं टू एन. तीन काड्या घातल्या, आणखी दोन गेले. ते तिसरं, टू एन वजा दोन. नात टाळ्या पिटायला लागली.

मला ते बघवंना. चौथीपर्यंत का होईना, आमच्या दोघांत शिकलेला मी. म्हनलं, "अन् एकच बटाटा असला तर? त्याला कडंचे दोघं कुठनं आनतीस?"

"अवो, एकटा म्हंजी दोन्ही कडा त्याच्याच. चार हरभरे."

"खुळी हायस का? एका बटाट्याला दोन कडा?"

"तुमी आदी हरभरे खायचं थांबवा. हायड्रोजन कमी पडायलाय."

खरंच खात होतो. रागानं उठलो अन् पारावर जाऊन बसलो. दुपारी आलो तर ती ओसरीवर कलंडलेली. जीपमधनं केजच्या दवाखान्यात न्यायला निघालो, पोचायच्या आत ती गेली. मावळतीला अग्नी दिला. तिला माझं शेवटचं बोलणं काय, तर खुळी.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात माणसं जमलेली. नातीनं दप्तर उचललं तसा मेव्हणा म्हनला, "दाजी, सुतकात कसली परीक्षा?"

"तुझ्या भैनीचं बरोबर होतं, मी चुकलो. ते पेपरात उतरलं पायजे."

"काय बरोबर होतं?"

"बटाट्याचं. तुला न्हाई कळायचं बे."

माणसं एकमेकांकडं बघायला लागली. कुणीतरी मला पाणी आणून दिलं.

मी नातीला घेऊन फाट्यावर गेलो, एस.टी.त बसवलं. खिडकीखाली उभा राहून तिन्ही घराण्यांची सूत्रं मोठ्यानं म्हणवून घेतली. शेजारच्या बाईनं हात जोडले. तिला वाटलं, देवाचं कायतरी हाय. एकट्याचं विचारायचं ऱ्हायलं होतं. एक बोट वर केलं. नातीनं चार केली.

म्हनलं, जा.