बाबांसाठी लिहिलेले अकरा मुद्दे

बाबांना अमरावतीच्या व्यसनमुक्ती केंद्रात भरती केलं तेव्हा आई रडली, आणि मी फुलस्केप कागद शोधायला लागले.

त्या केंद्राची एक पद्धत होती. तीन आठवडे झाले की रविवारी घरच्यांना बोलवायचे. सगळे पेशंट आणि त्यांचे नातेवाईक सतरंजीवर गोल करून बसत. पेशंटने मधल्या स्टुलावर बसायचं, हात गुडघ्यांवर ठेवायचे, आणि दारूपायी त्याने काय काय केलं ते घरच्या माणसाने सर्वांसमोर वाचून दाखवायचं. त्याने मधे बोलायचं नाही, उत्तर द्यायचं नाही. शेवटी एकच शब्द म्हणायचा, "ऐकलं." समुपदेशक बाईंनी फोनवर हे सांगितलं तेव्हा मी अकोल्यात, लॅबमध्ये, हातमोजे घालून उभी होते. मला वाटलं, ही सोय खास माझ्यासाठीच केलेली दिसते.

बाबा चांदूर बाजार तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर होते. जाऊ तिथे त्यांचा कुणीतरी विद्यार्थी निघायचा आणि भर रस्त्यात वाकून नमस्कार करायचा. दर पौर्णिमेला विहारात पंचशील तेच सांगत, बाकीचे त्यांच्यामागून म्हणत. पाचवं शील दारूपासून दूर राहण्याचं. नेमकं तेच म्हणताना त्यांचा आवाज सर्वांत खणखणीत लागायचा. मी मागच्या रांगेत बसून त्यांच्या मानेकडे पाहत असे. त्या मानेवर एक सणसणीत ठेवून द्यावी, असं मला सातवीपासून वाटत होतं. हात उचलायची आपल्यात रीत नाही, म्हणून डूख धरून बसले.

तर मी मुद्दे लिहिले. समास सोडून, आकडे घालून, अगदी त्यांनीच शिकवलं होतं तसे. शाळेच्या गॅदरिंगला माझं भाषण चालू असताना तुम्ही स्टेजवरच्या खुर्चीत घोरत होता. आईचं मनगट तुम्ही ढकलल्यामुळे मोडलं, आणि न्हाणीत घसरली असं डॉक्टरला तुम्हीच सांगितलं. दहावीच्या पेपरला मला परतवाड्याच्या स्टँडवर उभं करून "आलोच" म्हणून गेलात, ते आलाच नाहीत. असे दहा झाले. अकरावा सर्वांत जड होता, म्हणून शेवटी ठेवला.

अकरावा मुद्दा माझ्या लग्नाचा. अचलपूरचे पाहुणे मला पाहायला येणार होते. मुलगा मला आधीच पसंत होता, आमचं फोनवर बोलणंही झालं होतं. बाबांनी पाहुण्यांसमोर तमाशा करू नये म्हणून दुपारीच त्यांना मागच्या खोलीत, गव्हाच्या पोत्यांजवळ बसवलं आणि दार ओढून बाहेरून कडी घातली. बैठकीत सांगितलं, बाबा निवडणुकीच्या ट्रेनिंगला गेले. चहा झाला, पोहे झाले, मुलाची आई माझ्याशी हसून बोलली. तिसऱ्या दिवशी निरोप आला, जमत नाही. एवढा वेळ घरात असून बाबांनी काहीतरी दिवे लावलेच असणार, यात मला शंका नव्हती. मी लिहिलं, "दारू पिऊन पाहुण्यांच्या नजरेस पडलात आणि माझं स्थळ मोडलं."

त्या दिवशी त्यांच्या हातात पव्वा मीच दिला होता. पिऊन झोपले तर बाहेर येणार नाहीत म्हणून. चुलतभावाकरवी आणवला होता. हे मी कागदावर लिहिलं नाही. मुद्दे बाबांचे होते, माझे नव्हते.

रविवारी मी वाचलं. सावकाश, एकेका शब्दावर जोर देऊन. मला त्यांना रडवायचं होतं, तेही चारचौघांत. मनगटाच्या मुद्द्याला आईने माझा पदर ओढला, मी तो सोडवून घेतला. बाबांचे हात गुडघ्यांवर, डोळे कोरडे. अकरावा झाला. ते म्हणाले, "आयकलं." पुढचा पेशंट स्टुलावर येऊन बसला.

इतक्या वर्षांचं उट्टं काढायला गेले होते आणि हाती धुपाटणंसुद्धा लागलं नाही. नंतर व्हरांड्यात चहा दिला, तेव्हा मी त्यांना गाठलंच.

"याद तरी हाये का यातलं काई?"

"मनगटाचं नाई याद," बाबा म्हणाले. "परतवाड्याचं अर्धंमुर्धं हाये. थ्या पाव्हण्याच्या दिवसाचं सारं याद हाये, माय."

"काहून? तोच दिवस बरा याद राह्यला?"

"पेलो नवतो ना मी त्या दिवशी."

त्यांनी बिस्किट चहात बुडवलं. मग सांगितलं. पव्वा तसाच पोत्यामागे सरकवून ते गप्प बसून होते. मुलाचा मामा हात धुवायला मागे आला, त्याला खिडकीतून ते दिसले. मामा त्यांच्याच हाताखाली चौथीला होता.

"'गुरुजी, तुमी त ट्रेनिंगले गेले म्हणे,' म्हणे. मी काय सांगू त्याले? म्हटलं, मी घरी नाई असं समज बापू. त्यानं खिडकीतूनच हात जोडले न् गेला. मंग पुढं एकदा स्टँडवर भेटला. म्हणे, दारूचं आमाले मालूम होतं गुरुजी, त्याचं काई नवतं. पण जित्या बापाले कोंडून ठेवते, त्या घरची पोरगी नाई करायची, असं पोराची माय म्हणे."

"मंग आता सगळ्यायसमोर काहून नाई सांगतलं?"

"नियम हाये ना इथचा," ते म्हणाले. "बोलाचं नाई."

अकरा मुद्द्यांनी मी त्यांना ओरखडासुद्धा काढू शकले नव्हते, आणि त्यांनी एक बिस्किट संपायच्या आत मला सोलून ठेवलं होतं.

पुढच्या महिन्यात फेरा उलटा असे. पेशंट वाचणार, घरचे स्टुलावर. मला ठाऊक होतं आता काय येणार. मीही तयारीने गेले. हात गुडघ्यांवर ठेवले, मान ताठ. आधीच्या पेशंटने बायकोविरुद्धच्या तक्रारींचा पाढा वाचला होता, तसा आपलाही वाचला जाईल, म्हटलं वाचा.

बाबा उभे राहिले, घडी उघडली आणि आपल्याच चुका वाचायला लागले. विहारातल्यासारख्या खणखणीत आवाजात. त्यात तीन तर मला माहीतही नव्हत्या. दहा झाल्या. मी अकराव्याची वाट पाहत होते. त्यांनी कागदाची घडी घातली.

बायका डोळे पुसत होत्या. समुपदेशक बाई हळूच म्हणाल्या, "मोठं मन लागतं याला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मोठं मन! पुन्हा हे पुढच्या रांगेत, पुन्हा सगळे यांच्यामागून म्हणणार, आणि मी यांच्या गुपचूप माफीच्या ओझ्याखाली जन्मभर वाकून राहणार. यांचा हा उपकार मला नको होता.

"ताई, तुम्ही आता 'ऐकलं' म्हणा," बाई म्हणाल्या.

"एक राह्यलं," मी म्हटलं.

बाईंनी हात वर केला, पण मी थांबले नाही. पव्वा कुणी आणवला, दार कुणी ओढलं, जिवंत बापाला ट्रेनिंगला कुणी पाठवलं आणि ते पाप एका महिन्यापूर्वी इथे कुणाच्या नावावर वाचलं, सगळं सांगितलं. बाबा नको नको म्हणून मान हलवत होते, म्हणून आणखी मोठ्याने सांगितलं.

तेव्हा कुठे ते रडले. चारचौघांत, मला हवे होते तसे. कागद छातीशी धरून, डोळे न पुसता, माझ्याकडे पाहत म्हणाले, "आयकलं, माय."